थर्मासचा तळ

नामासिका
२९ सप्टेंबर १९९६

ताई,

तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून लिहिलं, बाकी इथे बरं असं काही नाही.

आईला काल घरी आणलं. झटका आल्यापासून उजवा हात, उजवा पाय आणि गिळणं, तिन्ही गेलीत. घोटभर पाण्यानंही ठसका लागतो, म्हणून हॉस्पिटलात तिच्या नाकातून पोटापर्यंत नळी घातली. बाहेरचं टोक गालावर पट्टीनं चिकटवलंय. मका आणि सोयाच्या पिठाची पातळ पेज करायची, फडक्यातून गाळायची आणि मोठ्या सिरिंजनं सावकाश सोडायची. दर तीन तासांनी. तिथल्या बाईंनी माझ्याकडून पाच वेळा करवून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तू झोपेतही करशील." मी म्हटलं, झोप कोण देतंय?

त्यांनी आणखी एक बजावलंय. पेज प्रत्येक वेळी ताजी करायची, उरली तर कोंबड्यांना टाकायची. ऐकायला सोपं आहे. पण दिवसातून सहा वेळा चूल पेटवायची तर लाकडं कुठून आणू? टेकडी बोडकी झालीय, पाठीवर चार महिन्यांची माझी ताडाला, आणि नवरा शहरात विटा पाडायला गेलेला. नासिबेको मावशी दुपारची येते, सुकटीच्या वासासकट, तेवढाच आधार.

आईला सगळं कळतं. बोलता येत नाही, पण डाव्या हातानं ताडालाचं पाऊल धरते आणि सोडत नाही. ताई, हिला मी जगवणार आहे. तू एवढी नर्स आहेस, काहीतरी सोपा मार्ग सांग.

तुझी एनेलेस


म्झुझू
९ ऑक्टोबर

एनेलेस,

आम्ही बरे आहोत, तुम्ही बरे असाल तर. आता रडणं बंद कर आणि नीट वाच.

ब्वानाली ड्रायव्हरकडे एक खोकं दिलंय. त्यात थर्मास आहे, लाल फुलांचा. आतली बाजू काचेची आहे, तेव्हा लहानपणी माझी पाटी फोडलीस तसा फोडू नकोस. हॉस्पिटलातल्या बायका सगळ्यांना एकच पाठ म्हणून दाखवतात, त्यांना कुठे लाकूड वेचायला जावं लागतं? तू सकाळी एकदाच भरपूर पेज कर आणि थर्मासमध्ये ठेव. उकळती भरू नकोस. नळीतून तशी गेली तर आईचं पोट भाजेल. कोमट करून भर, म्हणजे ऐन वेळी थंड करत बसायला नको. झाकण घट्ट लाव, दिवसभर तशीच राहील.

हात साबणानं धू, कोपरापर्यंत. सिरिंज उकळून घे. आईला टेकवून बसवल्याशिवाय एक थेंब सोडायचा नाही, आणि शेवटी उकळून गार केलेलं पाणी घालून नळी धुऊन काढायची. बाळंतपणाच्या वॉर्डात मी अठरा वर्षं काढलीत. घाण हातांनी येते, हे डोक्यात ठेव.

आईला सांग, फायनेसी नाताळला येतेय. तोवर कुठे जायचं नाही म्हणावं.

ताई


नामासिका
२४ ऑक्टोबर

ताई,

तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे, आणि या खेपेला खरंच.

थर्मास आला. अर्धं गाव बघून गेलं. काम्वेंडो मामानं तर झाकण उघडून आत "हो" करून पाहिलं आणि म्हणाला, माझी भाची शहरात राहून घराला विसरली नाही. मी आता पहाटे एकदाच चूल पेटवते. कोमट करते, भरते, आणि मग दिवसभर माझे हात मोकळे. परवा शेंगांचं अर्धं रान खणून झालं. आईशेजारी बसून दोन गोष्टी बोलायलासुद्धा वेळ मिळतो.

आईचा नियमही मी सोडलेला नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तोवर त्याचं भांडं खडखडीत रिकामं होऊ द्यायचं नाही. रिकामं भांडं दिसलं की आजारी माणूस जायला निघतो, असं ती म्हणायची. आपल्या दोघींना गोवर आला होता तेव्हा मडक्याच्या तळाशी दोन घोट ठेवून त्यावर नवी पेज ओतायची, आठवतं? थर्मासचंही मी तसंच करते. इतक्या दिवसांत एकदाही पुरता उपडा केलेला नाही. रोज सकाळी तिच्या डोळ्यांसमोर जुन्यावर नवी ओतते, म्हणजे तिला दिसावं की लेकीला आठवण आहे.

मावशीला मात्र थर्मास आवडलेला नाही. नाक मुरडून म्हणाली, "याला वास येतोय." मी म्हटलं, अख्खं आयुष्य तुझं सुकटीत गेलं, तुला कसला वास कळणार? हसली, पण डोळे हसले नाहीत.

चार दिवस आईचं पोट जरा बिघडलंय. दिवसातून चार-पाच वेळा धुवावं लागतं. हवा बदलतेय म्हणून असेल का?

एनेलेस


म्झुझू
२ नोव्हेंबर

एनेलेस,

आम्ही बरे आहोत, तुम्ही बरे असाल तर. मडक्यातल्या दोन घोटांचं वाचून मी जेवणाच्या सुट्टीत एकटी बसून रडले. मला वाटत होतं ते मला एकटीलाच आठवतं.

पण पोटाचं मला आवडलेलं नाही. हवेनं असं होत नाही. कुणाच्या तरी हातानं होतंय. तू माझं ऐकून हात धुतेस, मग उरलं कोण? नासिबेको मावशी मासे चिरते, मासे वाळवते, आणि तेच हात घेऊन दुपारी आईच्या नळीशी बसते. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे, कुणाचं ऐकून घ्यायची नाही. आईशी तिचं कधी पटलं होतं? आजोळच्या जमिनीवरून दोघी तीन वर्षं बोलत नव्हत्या.

तिला नळीला हात लावू देऊ नकोस. माझं नाव सांग हवं तर.

ताई


नामासिका
१७ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हिवतापानं पडले होते, त्यामुळे तू नको म्हणालीस तेच आधी घडून गेलं होतं. आता सगळं क्रमानं सांगते, कारण इथे काहीतरी वाईट चाललंय.

चार तारखेला मी आडवी झाले. मावशी आली आणि घर ताब्यात घेतलं. पहिलं काम काय केलं असेल? थर्मास उचलला, आईच्या डोळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत कोंबड्यांपुढे उपडा केला, राखेनं आणि कढत पाण्यानं घासला आणि कुंपणाच्या काठीवर उलटा टांगून ठेवला. मी अंथरुणातून ओरडले. ती म्हणाली, "ओरड. ताप उतरेल." पाच दिवस ती प्रत्येक वेळी चूल पेटवून वाटीभर पेज करत होती. थर्मासला तिनं पुन्हा हात लावला नाही.

आणि ताई, त्या पाच दिवसांत आईचं पोट सावरलं. डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे चमक आली म्हणते मी. ताडालाचा पाय धरून हलवायला लागली.

मी उठले, तुझं पत्र वाचलं आणि मावशीला सांगितलं की ताईनं तुला मनाई केलीय. ती दारात उभी होती. म्हणाली, "फायनेसीला कळव, हात माझे घाण असतील, नाक साफ आहे. आणि तू पेज रोजची रोज, वेळेची वेळेला कर. एवढं ऐक." मग गेली. मी थर्मास परत उतरवला आणि आईला दाखवून भरला, की बघ, आता रिकामा नाही.

तिसऱ्या दिवसापासून आई पुन्हा ढासळली. आता दिवसातून दहा वेळा. ताप आहे. डोळे खोल गेलेत. पेज गेली की थोड्या वेळानं तोंडातून परत येते. ताकद यावी म्हणून मी दोन-दोन तासांनी भरते, पण कालपासून ती डाव्या हातानं सिरिंज ढकलते. मला तिचा हात धरून ठेवावा लागतो.

मामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिच्या हातात होती तोवर बरी. हातातून काढली की आजारी. म्हणजे दोरी तिच्याकडेच आहे. आणि जिवंत माणसाचं भांडं कोण उपडं करतं?" गावात आता तेच चाललंय. मावशी विहिरीवर आली की बायका घागरी उचलतात. शनिवारी, तीस तारखेला, मामानं सगळ्यांना निवाड्यासाठी आंब्याखाली बोलावलंय. पलीकडच्या गावातला भगतही येणार आहे. करणी ठरली तर तिला गाव सोडावं लागेल, आणि या वयात तिला दुसरं घर कुठे आहे?

मी मामाला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, बघा, शिकलेल्या मुलीलासुद्धा इतक्या लांबून तिच्या हातांचाच संशय आला.

लवकर लिही.

एनेलेस


म्झुझू
२५ नोव्हेंबर

एनेलेस,

नेहमीची ओळ आज लिहवत नाही.

हे पत्र उभ्याउभ्या वाच आणि वाचून झाल्याबरोबर थर्मास उपडा कर. आईला त्यातला एक थेंबही देऊ नकोस. आताच्या आता चूल पेटव. मावशीला बोलाव आणि ती करत होती तसं कर. आईला लगेच हॉस्पिटलात ने, बैलगाडीनं, सायकलवर, कशीही. शरीरातलं पाणी गेलंय तिच्या.

तुझं पत्र घेऊन मी आज सिस्टर गोंड्वेंकडे गेले. त्या पुरुषांच्या वॉर्डात आहेत, त्यांच्याकडे नळीवरचे रुग्ण कायम असतात. थर्मास पाठवण्याआधीच जायला हवं होतं. अठरा वर्षांच्या नर्सनं हे विचारायचं कसं, म्हणून मला कमीपणा वाटला. त्यांनी पत्र वाचलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. भरताना पेज किती गरम होती? आणि ते भांडं शेवटचं रिकामं कधी झालं?

पेजेत पीठ असतं, साखर असते. ती कोमट ठेवली की जंतू वाढतात, आणि थर्मास तिला दिवसभर कोमटच ठेवतो. मी लिहिलं होतं तुला, कोमट करून भर म्हणून. ते माझंच अक्षर आहे. आणि तळाशी जी राहते तिच्यात कालचे, परवाचे, पंधरवड्याचे जंतू बसलेले असतात. वरून नवी ओतली की ती सगळी त्यांची होते. तोंडानं खाणाऱ्याला निदान चव कळते, तो थुंकून टाकतो. आईला नळीतून थेट पोटात जातंय. तिला थुंकता येत नव्हतं म्हणून ती ढकलत होती.

मावशीनं काही केलेलं नाही. पाच दिवस तिनंच आईला जगवलं. मामाला सांग, फायनेसीचा संशय खोटा होता, तिनं स्वतः लिहून दिलंय. मी येईपर्यंत आंब्याखाली कुणी बसायचं नाही. रजेचा अर्ज दिलाय.

तार केली असती, पण तारेत एवढं मावत नाही, आणि तार आली की माणसं न वाचताच रडायला लागतात. ब्वानाली उद्या निघतोय. तुझ्याच हातात देईन म्हणालाय.

ताई


नामासिका
३० नोव्हेंबर

ताई,

तुझ्या पत्राची वाट पाहिली. म्हणतात की पुलावरून पाणी जातंय आणि गाड्या पलीकडेच अडकल्यात. म्हणून मीच लिहिते.

आई बुधवारी सकाळी गेली. मी आठची पेज भरत होते. अर्धी सिरिंज गेली आणि तिचा डावा हात माझ्या हातात सैल पडला. मला वाटलं, आज ढकलत नाही, बरं वाटतंय हिला. उरलेली अर्धीही घातली. मग कळलं. गुरुवारी मातीत ठेवलं. तुझ्या नावानं मी मूठभर माती जास्त टाकली.

आज आंब्याखाली सगळे बसले. फार वेळ लागला नाही. भगतानं मावशीला विचारलं, भांडं का उपडं केलंस? ती म्हणाली, "नासलं होतं म्हणून." माणसं हसली. मग मामानं विचारलं, शेवटचं काही बोलायचं आहे का? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ते लाल फुलांचं भांडं फोडा." बस, एवढंच. मामा म्हणाला, ऐकलंत? बहीण मेल्यावरही हिला तिचं भांडं फोडायचंय.

तिच्या घराचं छप्पर दुपारीच ओढून काढलं. डोक्यावर एक गाठोडं आणि हातात सुकटीची टोपली घेऊन ती तळ्याच्या वाटेला लागली. पोरांनी ढेकळं मारली. मी दारात उभी होते. मी काही बोलले नाही, ताई.

आईची वाटी आणि मडकं रीतीप्रमाणे भोकं पाडून थडग्यावर ठेवलं. थर्मासही ठेवायचा म्हणत होते, पण मी अडून बसले. तू पाठवलेला आहे, आईच्या शेवटच्या दिवसांतला आहे, तो मी फोडू देणार नाही. ताडालाला सहा महिने झाले, तिला पेज सुरू केलीय. आता तिची त्यात ठेवते. आईची आठवण म्हणून तळाशी दोन घोट राहू देते. तिचं पोट थोडं सैल आहे, दात येत असतील.

एनेलेस


नामासिका
५ डिसेंबर

ताई,

पत्र मिळालं. ब्वानाली पाच दिवस पुलापलीकडे अडकला होता. त्यानं गाडीतून उतरून माझ्या हातात दिलं, तेव्हा मामा शेजारी होता. त्याला वाचता येत नाही. त्यानं विचारलं, काय म्हणते फायनेसी? मी म्हटलं, रडतेय.

मग घरात गेले आणि थर्मास उपडा केला. शेवटी बोटभर पांढरा, लिबलिबीत थर होता, तो पडेना. काठीनं काढावा लागला. त्याचा वास आला. तोच वास, ताई. मावशी म्हणाली होती तोच. आईच्या उशीला यायचा, तिच्या तोंडाला यायचा, आणि मला वाटायचं आजाराचा आहे.

ताडालाला घेऊन मी दवाखान्यात पळाले. तिथे साखर-मिठाचं पाणी दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. आता फक्त अंगावर पाजते. आज सकाळी तिनं माझे केस ओढले, जोरात. वाचली.

आईला सगळं कळत होतं. ती ढकलत होती आणि मी तिचा हात धरून भरत होते. हॉस्पिटलातल्या बाईंनी मला सांगितलं होतं, प्रत्येक वेळी ताजी. मावशीनंही सांगितलं होतं. मी सगळ्यांचं सोडून तुझं आणि आईचंच ऐकलं, कारण तुम्ही दोघी माझ्या होतात.

तू येणार आहेस, मामासमोर बोलणार आहेस, हे वाचलं. बोलू नकोस. पाया पडते. तू चार दिवस राहशील आणि परत बसमध्ये बसशील. मला रोज त्याच विहिरीवर जायचंय. कुठल्या हातांनी भरवलं, हे गाव तुला विचारणार नाही, मला विचारेल. मावशी म्हातारी आहे, ती कुठेतरी दिवस काढेल. मी हे लिहितेय हे मलाच खरं वाटत नाही, पण लिहितेय.

एनेलेस


म्झुझू
१० डिसेंबर

एनेलेस,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आईचं वाचलं. ते इथे लिहिणार नाही, आल्यावर तुझ्या गळ्यात पडून काय ते.

रजा मिळालीय. गुरुवारच्या बसनं निघते. पण नामासिकाला उतरणार नाही, पुढे तळ्याकाठच्या काचुलूला उतरेन. ब्वानाली सांगतो की मावशी तिथे धक्क्यावर बसते, दुसऱ्यांचे मासे साफ करून देते आणि होड्यांच्या आडोशाला निजते. ती माझ्याबरोबर यायला तयार होईल की नाही, माहीत नाही. नाही म्हणाली तर मीही तिथेच बसेन, तिचं मन वळेपर्यंत. नाक साफ असलेल्या बाईला मी चारशे मैलांवरून घाण ठरवलं. तेवढं तरी माझ्याकडून फिटायला हवं.

मामाला सगळ्यांना आंब्याखाली बोलवायला सांग. मी बोलणार आहे. तू पाया पडलीस तरी बोलणार आहे. थर्मास मी पाठवला, कोमट भर असं मी लिहिलं, हॉस्पिटलचं ऐकू नको असं मी लिहिलं, मावशीवर संशय मी घेतला. एवढं माझं आहे आणि ते मी सगळं सांगेन. तळाशी ठेवलेल्या दोन घोटांचं मी बोलणार नाही. ते तू आईवरच्या मायेनं केलंस. ते सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. फक्त मावशी तुझ्याकडे बघेल तेव्हा मान खाली घालू नकोस.

ती लगेच निघाली तर शुक्रवारी दुपारपर्यंत पोचू. चूल पेटवून ठेव, पण आम्ही आल्याशिवाय काही रांधू नकोस. आईचं म्हणून घरात जे जे भांडं झाकून ठेवलं असशील, ते आधी रिकामं कर आणि घासून उन्हात उलटं टांग. मावशीला कुंपणावरून दिसायला हवं.

ताई